मी कातलेल्या जुळ्या डब्या

मी एक जुना लेथ आहे. मित्रांनो, लेथ म्हणजे धातू कातण्याचं यंत्र. कुंभाराच्या चाकावर माती फिरते आणि तिचं मडकं होतं; माझ्या चकात लोखंड, पितळ, ॲल्युमिनियम असं काहीही पकडून फिरवलं आणि त्याला धारदार टूल लावलं की त्याचा दांडा होतो, कडं होतं, नाहीतर डबी होते. मानपाड्याच्या या प्रशिक्षण वर्गात मला येऊन आता वर्ष होईल. तुम्ही माझ्या अंगावर जेवणाचे डबे ठेवता. परवा कुणीतरी माझ्या पाठीवर खडूने क्रिकेटचा स्कोअर लिहिला. मला राग आला, खोटं कशाला सांगू? पण तुमचा तरी काय दोष? आपली ओळख कुणी करूनच दिली नाही. म्हणून आज मीच बोलतो.

माझा जन्म पंजाबातल्या बटाल्याचा, सन १९६२. वितळलेलं लोखंड वाळूच्या साच्यात ओतून माझं अंग तयार केलं आणि मग सात-आठ महिने मला उन्हापावसात नुसतं टाकून ठेवलं. मला वाटलं, हे लोक विसरले. तसं नव्हतं. लोखंडाला आतून निवायला वेळ द्यावा लागतो, नाहीतर पुढे कधीतरी ते वाकतं. मग एका कारागिराने माझी पाठ हाताने खरवडून खरवडून अशी सरळ केली की तिच्यावर ठेवलेली पट्टी हलत नसे. त्या माणसाचं नाव मला कधी कळलं नाही. माझ्या हातून पुढे जे काही सरळ निघालं, ते त्याच्या पुण्याईने.

ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये त्र्यंबक गुप्ते यांचं लहानसं वर्कशॉप होतं, तिथे मी आलो. गुप्तेसाहेबांच्या घराण्यात सगळे कोर्टात नाहीतर बँकेत. एकट्या साहेबांनीच हात काळे करून घ्यायचं ठरवलं, म्हणून नातेवाईक हळहळायचे. साहेब तापट होते, पण मनाने वाईट नव्हते. त्यांच्याकडे मी पंपांचे दांडे कातले, गिरण्यांचे रोलर कातले, दांडा ज्यात फिरतो ती बुशिंग तर इतकी कातली की मोजणं सोडून दिलं. काम चोख, पण कौतुक कुणी करायचं? पाणी वर चढलं तर लोक पंपाला शाबासकी देतात.

मला चालवायचा तो धाकू. चेंदणी कोळीवाड्यातला. बापाची होडी होती, पण खाडीत मासळी कमी झाली तसा हा वागळेला आला आणि टर्नर झाला. त्याची बायको मंजुळा बाजारात मासळी विकायची आणि त्याच्या डब्यात रोज तळलेला तुकडा आणि लिंबाची फोड असायची. धाकूचा हात मी ओळखायचो. दुसरं कुणी माझं हँडल धरलं की मी जरा कुरकुरायचो. तेवढा हट्ट माझ्यात होता, अजूनही आहे.

१९८४ च्या उन्हाळ्यात एक दिवस वर्कशॉपच्या दारात एक बाई येऊन उभ्या राहिल्या. पस्तिशीच्या आतल्या, सुती साडी, खांद्याला झोळी आणि हातात गुंडाळलेलं ड्रॉइंग. डॉक्टर सरोज कर्णिक, राहणार डोंबिवली, आईबरोबर. मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत त्या काम करत. संस्थेच्या स्वतःच्या वर्कशॉपमध्ये त्यांचा नंबर आठ महिन्यांनी लागणार होता आणि तेवढा वेळ त्यांच्यापाशी नव्हता.

"दोन डब्या हव्यात," त्या म्हणाल्या.

गुप्तेसाहेबांनी ड्रॉइंग उलगडलं आणि चष्मा कपाळावर सरकवला. वीतभर लांब ॲल्युमिनियमच्या दोन डब्या. भिंत पोस्टकार्डाइतकी पातळ. तोंडाशी जाड कडं आणि त्या कड्यात गोल खाच. दोन्ही डब्यांच्या मापात फरक चालेल तो फक्त दोन शतांश मिलिमीटर, म्हणजे तुमच्या केसाच्या जाडीचा चौथा हिस्सा.

"यात ठेवणार काय? हिरे?" साहेबांनी विचारलं.

"एकीत प्रोटॉन आणि दुसरीत न्यूट्रॉन," बाई म्हणाल्या आणि हसल्या.

मित्रांनो, मग त्या माझ्याजवळच्या स्टुलावर बसल्या आणि त्यांनी धाकूला सगळं समजावून सांगितलं. मी ऐकत होतो. मला शिकवणारं दुसरं कोण होतं? त्या म्हणाल्या, जगातली प्रत्येक वस्तू अणूंची असते. अणूच्या गाभ्यात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन असतात. पूर्वी लोकांना वाटायचं, हे भरीव गोळे आहेत. तसं नाही. त्यांच्याही पोटात आणखी बारीक काहीतरी आहे, त्याला क्वार्क म्हणतात. ते आत कसे राहतात, कसे वावरतात, प्रोटॉनच्या पोटातले आणि न्यूट्रॉनच्या पोटातले सारखेच वागतात का, हे त्यांना शोधायचं होतं.

"पन ते दिसतं कसं?" धाकूने विचारलं.

"दिसत नाही. फार वेगाने धावणारे बारीक कण त्यांच्यावर मारायचे. ते आत कशावर तरी आपटतात आणि वाकडे होऊन बाहेर येतात. किती वाकडे आले, त्यावरून आत काय आहे ते ओळखायचं."

धाकू हातातलं फडकं तसंच धरून विचार करत राहिला. मग त्याचा चेहरा उजळला. "म्हंजे चिंबोरी! चिखलात बिळ असतंय, आत चिंबोरी दिसत नाय. लोखंडाची सली घालाची. कशावर टेकली, कशी परत आली, त्यावरनं हाताला कलतं, आत चिंबोरी हाय का दगड. बाय, तुमी चिंबोरीच धरताय!"

खेकड्याची ही उपमा ऐकून सरोजबाई इतक्या हसल्या की गुप्तेसाहेब ऑफिसातून बाहेर आले. "धाकूभाऊ, हे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगणार," त्या म्हणाल्या. आणि पुढे त्यांनी खरंच सांगितलं म्हणे.

"पण एक अडचण आहे," त्या पुढे म्हणाल्या. "न्यूट्रॉन एकटा डबीत भरता येत नाही. मोकळा सोडला तर पाव तासाच्या आसपास तो मोडून जातो. म्हणून एका डबीत साधा हायड्रोजन भरायचा, त्याच्या गाभ्यात नुसता प्रोटॉन. दुसरीत जड हायड्रोजन, त्याच्या गाभ्यात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन जोडीने. दोन्हींवर मारा करायचा आणि वजाबाकी करायची. बाळ काट्यावर स्थिर बसत नसलं की आई त्याला घेऊन काट्यावर उभी राहते आणि मग एकटी उभी राहते, तसं."

"पन काटा येकच पायजे," धाकू म्हणाला.

"अगदी बरोबर. इथे काटा म्हणजे डबी. डब्या दोन आहेत, म्हणून त्या जुळ्या हव्यात. नाहीतर माझी वजाबाकी खोटी पडेल."

त्या दिवसापासून धाकू बदलला. पूर्वी तो काम करताना गाणी गुणगुणायचा. आता श्वास रोखून काम करायचा. पाच डब्या बिघडल्या. एकीची भिंत फाटली, एक टूलखाली थरथरली, बाकीच्या मापात बसल्या नाहीत. साहेब ओरडायचे, धाकू नवा तुकडा चकात लावायचा. ऑक्टोबरच्या सुरुवातीला, खंडेनवमीच्या आदल्या दिवशी, दोन डब्या माझ्या पाठीवर शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. मायक्रोमीटरने दोन्हींचं एकच माप दाखवलं. वीस वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं की आपण काहीतरी केलं.

खंडेनवमीला कारखान्यात काय असतं ते तुम्हाला ठाऊक आहेच. यंत्रं बंद, साफसफाई, झेंडूच्या माळा, हळदकुंकू, नारळ, पेढे. त्या सकाळी मंजुळाही आली होती. कार्ल्याच्या एकवीरा आईच्या डोंगरावरून आणलेलं हळदीचं अस्सल कुंकू तिने पुडीत बांधून आणलं होतं. धाकूने मला पुसलं, माळ घातली, कपाळावर, म्हणजे माझ्या हेडस्टॉकवर, पाच बोटं ओढली. मग त्याची नजर डब्यांकडे गेली. इतकं मोठं काम झालं आणि ते पूजेवाचून कसं ठेवायचं? त्याने दोन्ही डब्यांच्या तोंडाच्या कड्यांना हळदकुंकू लावलं, हात जोडले. दुसऱ्या दिवशी ते स्वच्छ फडक्याने पुसलं, डब्या कागदात गुंडाळल्या आणि सरोजबाईंच्या स्वाधीन केल्या.

मी सगळं पाहत होतो. पुसताना एका डबीच्या खाचेत फडकं पुरतं पोचलं नाही, हेही मी पाहिलं. पण आम्हा यंत्रांना पाहता येतं, सांगता येत नाही.

सरोजबाई डब्या घेऊन परदेशातल्या एका मोठ्या प्रयोगशाळेत गेल्या. आणि जानेवारीत पत्र आलं. गुप्तेसाहेबांनी ते माझ्यासमोर उभं राहूनच वाचलं. हायड्रोजन वायूचा द्रव करायचा तर शून्याखाली अडीचशे अंशांहून जास्त थंड करावा लागतो. तेवढ्या थंडीत एक डबी टिकली, दुसरी तोंडाशी गळली. हायड्रोजनची गळती म्हणजे स्फोटाची भीती. तिथल्या लोकांनी लिहिलं होतं की खाचेत दोष आहे, कातणारं यंत्र झिजलेलं असावं.

साहेबांचा पारा चढला. "परदेशात नाव गेलं ते असं! ज्याच्या हातून हे झालं त्याला मी एक दिवस ठेवणार नाही, सांगून ठेवतो." धाकू मान खाली घालून उभा होता. खाच आपण बरोबर कातली होती एवढंच त्याला माहीत होतं, आणि ते खरंच होतं.

चार दिवसांनी सरोजबाई स्वतः डब्या घेऊन आल्या. प्रवासाने चेहरा उतरला होता. त्यांनी खिडकीशी स्टूल ओढलं, भिंग काढलं आणि गळक्या डबीची खाच उजेडात धरली.

"इथे लाल कण आहेत," त्या म्हणाल्या. "तळाशी दबून बसलेत. या खाचेत मऊ धातूची तार बसवून वरून झाकण आवळतात. कणांमुळे तार नीट बसली नाही."

"गंज!" साहेब म्हणाले.

"ॲल्युमिनियमला असा लाल गंज येत नाही."

"डबीचा नसेल, या लेथचा असेल. मी केव्हाचा म्हणतोय, हा झिजलाय. याच्या लोखंडाचे कण उडून डबीत रुतले आणि गंजले. सोमवारी भंगारवाल्याला बोलावतो आणि विषय संपवतो."

मित्रांनो, माझ्याबद्दल हे माझ्यासमोरच बोललं जात होतं. बटाल्याच्या त्या कारागिराची मला आठवण झाली. ज्याने पाठ सरळ करून दिली त्याचं नाव आपण राखू शकलो नाही, असं वाटलं आणि वाईट वाटलं.

सरोजबाईंनी भिंग खाली ठेवलं. "लेथचं लोखंड असेल," त्या हळूहळू म्हणाल्या, "तर ते नुसतं खाचेत नसणार. डबीभर असणार. मग या दोन्ही डब्या गेल्या. नव्या करायच्या म्हणजे तीन महिने. आणि मला अकरा दिवसांत परत जायचंय. तिथल्या कण मारायच्या यंत्रावर आमची पाळी मार्चमध्ये आहे. तोवर जड हायड्रोजनची डबी नसेल तर ते नुसता प्रोटॉन मोजतील आणि पुढच्या कामाला लागतील. न्यूट्रॉनचा प्रश्न माझा होता. सहा वर्षं मी त्यावर घालवलीत. पुन्हा पाळी कधी मिळेल, कोण जाणे." त्यांनी डबी माझ्या पाठीवर ठेवली.

धाकूचा हात माझ्या हँडलवर होता. त्या हाताला सुटलेला घाम मला जाणवत होता. त्याने भिंग उचललं, खाचेत पाहिलं. तो रंग त्याने ओळखला. गप्प राहिला असता तर काय झालं असतं? भंगारात मी गेलो असतो, त्याची नोकरी राहिली असती. घरी म्हातारी आई होती, मंजुळेच्या पाटीवर सगळं घर चालण्यासारखं नव्हतं. आणि साहेब बोललेले शब्द मागे घेणाऱ्यांतले नव्हते. मी त्याला दोष दिला नसता. खरंच दिला नसता.

"साहेब," धाकू म्हणाला, "लेथला काय बोलू नका. तो गंज नाय. कुंकू हाय."

"काय?"

"नवमीला मीनी डब्यांची पूजा केली. येकवीरा आयचं कुंकू. मना वाटलं, पुसलं सगलं. चूक माजी हाय, मशीनची नाय."

साहेबांचा चेहरा लालबुंद झाला. "अरे, परदेशात जाणारी वस्तू ती, तिला कुंकू फासतोस? तुला अक्कल—"

"थांबा साहेब," सरोजबाई एकदम उभ्या राहिल्या. त्यांचे डोळे वेगळेच दिसत होते. "धाकूभाऊ, कुंकू हळदीचं होतं? अस्सल?"

"अस्सल, बाय. देवीच्या डोंगरावरचं."

"लिंबू आहे का कुणाकडे?"

साहेबांना वाटलं, बाईंना भोवळ आली. पण धाकूने मुकाट्याने आपला डबा उघडला आणि तळलेल्या तुकड्याशेजारची फोड पुढे केली. बाईंनी काडीच्या टोकावर रसाचा एक थेंब घेतला आणि खाचेतल्या लाल ठिपक्यावर टेकवला. तिघांची डोकी भिंगावर जमली. मी तर माझ्या जागीच, पण मलाही दिसलं. लाल ठिपका हळूहळू पिवळा झाला.

"हळद!" बाई टाळी वाजवून म्हणाल्या. "हळदीत चुना पडला की ती लाल होते, लिंबू पडलं की पुन्हा पिवळी. गंज असता तर असा पिवळा झाला नसता. म्हणजे धातू चांगला आहे! डब्या गेलेल्या नाहीत! नुसती खाचेच्या तळाला कण दबल्याची खूण आहे. ती पाच शतांश खोल घासली की काम झालं. धाकूभाऊ, तुम्ही बोलला नसतात तर मी या डब्या टाकून दिल्या असत्या."

आणि मग त्या जरा ओशाळून म्हणाल्या, "आणि कुंकवाचं म्हणाल साहेब, तर या डब्यांची पेटी परदेशी न्यायच्या आधी एक दिवस आमच्या घरी होती. आईने पेटीलाही लावलं होतं. मी तिला नको म्हटलं नाही. उलट बरंच वाटलं मला."

गुप्तेसाहेबांनी एकदा बाईंकडे, एकदा धाकूकडे पाहिलं. "मी म्हणालो होतो, एक दिवस ठेवणार नाही," ते पुटपुटले.

"याला काढलंत तर माझी खाच कोण कातणार? तुम्ही?" बाईंनी विचारलं.

साहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा आपला शब्द गिळला. "चहा सांगा रे," ते ओरडले आणि ऑफिसात निघून गेले. सोमवारी भंगारवाला आला नाही.

पण खरं कठीण काम पुढे होतं. एकदा चकातून काढलेली वस्तू परत चकात लावून पहिल्यासारखी फिरवणं किती अवघड, ते तुम्ही शिकाल तेव्हा कळेल. ती केसभर जरी तिरकी बसली तरी संपलं. धाकूने डबीला केसभर तिरकेपणाही काट्यावर दाखवणारं डायल गेज टेकवलं आणि अख्खा दिवस काटा स्थिर करण्यात घालवला. चकाचा जबडा जरा सैल, जरा घट्ट, कागदाचा कपटा इकडे, कपटा तिकडे. दुसऱ्या दिवशी दुपारी काटा हलायचा थांबला. मग त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि हळूच म्हणाला, "सांभाल रे बाबा." मी जन्मात इतका गप्प फिरलो नव्हतो. एक पातळ साल निघाली, श्वासानेही उडावी अशी. तळ लख्ख झाला.

"झालं," साहेब सुटकेचा श्वास सोडून म्हणाले.

"आता दुसरी," सरोजबाई म्हणाल्या.

"दुसरी? ती तर चांगली आहे!"

"म्हणूनच. हिची खाच पाच शतांश खोल झाली, तर तिचीही झाली पाहिजे. जुळ्या राहिल्या पाहिजेत."

चांगल्या वस्तूला टूल लावायला धाकूचा हात पुढे होईना. ती बिघडली तर सगळंच गेलं असतं आणि तिच्यात तर काही दोषही नव्हता. पण त्याने ती लावली. पुन्हा दीड दिवस, पुन्हा काटा, पुन्हा पातळ साल. संस्थेत नेऊन बाईंनी दोन्ही डब्या तपासल्या. एकही गळली नाही. आठव्या दिवशी त्या विमानात बसल्या.

मार्चमध्ये प्रयोग झाला. जूनच्या अखेरीस सरोजबाई आलेख घेऊन वर्कशॉपमध्ये आल्या आणि त्यांनी तो धाकूसमोर पसरला. कागदावर ठिपक्यांची एक रांग डावीकडून उजवीकडे उतरत गेली होती. न्यूट्रॉनच्या आणि प्रोटॉनच्या पोटातला कारभार अगदी सारखा नाही, हे त्या रांगेवरून दिसत होतं. हे जगाला आधीही ठाऊक होतं, इतरांनी मोजलंही होतं. बाईंच्या ठिपक्यांनी त्यातला थोडासा भाग अधिक नेमका केला. "फार मोठा शोध नाही," त्या म्हणाल्या, "पण हे ठिपके खरे आहेत, धाकूभाऊ." लेखाच्या शेवटी आभाराच्या ओळींत त्यांनी धाकूचं नाव आणि ठाणे असं लिहिलं होतं. माझं नव्हतं. पण धाकूने ती ओळ माझ्यासमोर बोट ठेवून पुन्हा पुन्हा वाचली, तेव्हा मी आपलं नाव त्यातच धरून घेतलं.

त्यानंतर बाईंचं काम वाढत गेलं. १९८८ च्या सुमारास जगभरच्या शास्त्रज्ञांना एक कोडं पडलं. प्रोटॉन भोवऱ्यासारखा गिरकी घेतो म्हणतात, पण ती गिरकी आतल्या क्वार्कांकडून आली असेल हा हिशेब काही जुळेना. त्यांचा वाटा फारच कमी निघाला. मग उरलेली येते कुठून? बाई या प्रश्नामागे लागल्या. त्यांच्याकडे विद्यार्थी आले, त्या परिषदांना जाऊ लागल्या, केसांत पांढरं दिसू लागलं. मधूनमधून एखादं कडं, एखादी नळी कातायला त्या आमच्याकडेच यायच्या आणि स्टुलावर बसून धाकूला नवीन काय घडलं ते सांगायच्या. प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही, असं शेवटच्या वेळीही म्हणत होत्या. मला ते ऐकायला आवडायचं. सुटलेल्या प्रश्नांसाठी कुणी लेथकडे येत नाही. आणि धाकूची नवमीची पूजा? ती दर वर्षी झाली. फक्त कुंकवाची पुडी उघडण्याआधी तो तयार कामावर धुतलेलं फडकं टाकायचा.

१९९३ मध्ये साहेबांच्या मुलाने संगणकावर चालणारं यंत्र आणलं. ते दहा माणसांचं काम करायचं आणि त्याला कुणाच्या हाताची ओळख लागत नव्हती. मला भिंतीशी सरकवलं. माझ्यावर चहाचे ग्लास आले, जुनी वर्तमानपत्रं आली, मग गंज आला, या वेळी खराखुरा. धाकू अधूनमधून येऊन तेलाचा बोळा फिरवायचा. तेवढ्यावर मी पाच वर्षं काढली.

१९९८ मध्ये धाकू निवृत्त झाला. निरोपाला सरोजबाई आल्या. त्यांनी झोळीतून दोन्ही डब्या काढल्या. प्रयोगशाळेने त्या कामातून काढून टाकल्या होत्या आणि बाईंनी मागून घेतल्या होत्या. त्यांनी त्या माझ्या पाठीवर ठेवल्या.

"एक तुमची, एक माझी," त्या म्हणाल्या. "तुम्हाला हवी ती घ्या."

धाकूने चष्मा लावला. "मना ती द्या, बाय, जिच्यात मीनी चूक केलती. चांगली तुमाला ठेवा."

"कुठली ती?"

धाकूने एक उचलली, उजेडात धरली, खाचेवरून बोट फिरवलं. मग दुसरी उचलली. खिशातला मायक्रोमीटर काढून दोन्ही मोजल्या. खात्री पटेना, म्हणून पुन्हा मोजल्या. बराच वेळ तो त्या आलटून पालटून बघत राहिला. "नाय कलत," तो शेवटी म्हणाला आणि लहान मुलासारखा हसला. "दोनी सारख्याच हायत."

"मलाही कळत नाही," सरोजबाई म्हणाल्या. "चौदा वर्षं झाली, कितीदा बघितल्या. म्हणून तर म्हटलं, हवी ती घ्या." त्यांनी डोळे टिपले. धाकूने हाताशी आली ती डबी रुमालात गुंडाळली.

त्या दिवशी सरोजबाईंनीच साहेबांच्या मुलाकडे शब्द टाकला आणि भंगाराऐवजी मी तुमच्याकडे आलो. मला तक्रार नाही. एका चांगल्या कारागिराने मला घडवलं, एका खऱ्या माणसाने चालवलं आणि एका जिद्दी बाईने माझ्याकडून असं काम करून घेतलं की जगाच्या अगदी आतल्या गोष्टीला माझा हात लागला. एका लेथला याहून काय हवं?

मित्रांनो, तुमच्याकडे माझं मागणं फार नाही. शनिवारी घरी जाताना माझ्या पाठीवर तेलाचा बोळा फिरवा, डबे दुसरीकडे ठेवा. आणि माझ्यावर शिकताना तुमच्याही हातून काम बिघडेल, ते बिघडायचंच. तेव्हा बिघडलेला तुकडा कोपऱ्यात लपवू नका आणि मशीन जुनं आहे म्हणून सांगू नका. तो घेऊन तुमच्या सरांकडे जा आणि आपल्या तोंडाने सांगा. तो परत चकात लागतो. वेळ लागतो, काटा स्थिर व्हायला दिवस जातो, पण लागतो. त्या दोन डब्यांतली चुकलेली कुठली, हे ती कातणाऱ्यालाही मग ओळखता आलं नाही.